फुकटातला थंडावा

फेसबुक फुकट आहे असं म्हणणाऱ्याने एकदा स्वीडनमधल्या लुलिओला जाऊन यावं. आर्क्टिक वृत्ताच्या जरासं खाली असलेल्या या गावात कंपनीने २०१३ साली डेटा सेंटर सुरू केलं, ते मुख्यतः तिथल्या हवेसाठी. बाहेरची थंडी आत ओढायची आणि तापलेले सर्व्हर निववायचे. म्हणजे चुलतभावाच्या साखरपुड्यातले एकाच पोझचे चौदा फोटो टिकावेत म्हणून ध्रुवाकडची हवा राबते आहे.

ते फोटो पुन्हा कोणी बघत नाही, हे कंपनीलाही ठाऊक. म्हणून तिने अमेरिकेत ओरेगनमधल्या प्राइनव्हिलला जुन्या फोटोंसाठी वेगळी इमारतच बांधली. तिथल्या बहुतेक डिस्क वीज बंद करून झोपवलेल्या, माळ्यावरच्या पितळी घंगाळांसारख्या. मोडीत मात्र काढायच्या नाहीत. न जाणो, काकूंना २०११ची महाबळेश्वर सहल आठवली तर?

२०२४ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटाचा भांडवली खर्च ३९ अब्ज डॉलरच्या घरात गेला. आता त्यात एआयची हौसही आली म्हणा. बिल जाहिरातदार भरतात. आणि ते कुठून वसूल करतात, हे साबणाच्या वडीवरची छापील किंमत वाचताना आपण विचारत नाही. तेव्हा आपण रील बघत असतो.