तिकिटात वाद मोफत

सिनेमाला जायचं ते घटकाभर डोकं बाजूला ठेवायला, असं मानणाऱ्या प्रत्येक कुटुंबात एक तरी माणूस उलट्या डोक्याचा निघतो. त्याला सिनेमात कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं लागतं. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत, आणि कॅमेऱ्याचं ज्ञान लग्नाच्या अल्बमपुरतं. दिग्दर्शकाचं नाव त्याला कळतं ते पाट्या संपेपर्यंत बसून राहतो म्हणून. नावांशी त्याला देणंघेणं नसतं. शेवटानंतर अजून काहीतरी दाखवतील अशी त्याला आशा असते. झाडूवाला दोन रांगा झाडून त्याच्या पायाशी येऊन उभा राहिला की तो नाइलाजाने उठतो, आणि उठता उठता त्यालाच विचारतो, ‘‘एवढंच आहे का हो?’’ घरी आल्यावर ‘कसा होता?’ या प्रश्नाला तो ‘चांगला होता’ असं उत्तर कधीच देत नाही. ‘बघण्यासारखा आहे’ म्हणतो. घरातली जाणती माणसं त्यावरून ओळखतात की त्यात कुणीतरी मरतं, किंवा मेलं असतं तर सुटलं असतं अशी कुणाची तरी गत होते.

या गृहस्थाविषयी दोन मतं ऐकू येतात. घरच्यांच्या मते त्याला पैसे देऊन रडायची खोड आहे. सिनेमाच्या जाणकारांच्या मते त्याला आवड आहे, पण समज नाही. तो चौकट, प्रकाश, संकलन सोडून ‘मग त्या बाईला नोकरी मिळाली का?’ असं भलतंच विचारतो. मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. हा माणूस दुःखासाठीही जात नाही आणि कलेसाठीही जात नाही. तो जातो वादासाठी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तास किल्ला लढवणारा हाच असतो. फक्त तिथे त्याची बाजू ठरलेली असते, कारण त्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असतो. सिनेमात त्याचा फ्लॅट कुठल्याच मजल्यावर नसतो, म्हणून त्याला दोन्हीकडून भांडता येतं. विचार करायला लावणारा सिनेमा असं आपण भारदस्तपणे ज्याला म्हणतो, त्यातली साध्या प्रेक्षकाची गोडी एवढीच आहे, आणि ती काही कमी प्रतीची आहे असं मानायचं कारण नाही.

‘श्वास’चंच बघा. 2004 साली आलेला हा चित्रपट त्याने डोळे पुसत पाहिला, पुढे तो ऑस्करला निघाला तेव्हा खर्चासाठी वर्गणीही दिली. पण सिनेमा सुटल्यापासून त्याचं भांडण सुरू होतं ते त्यातल्या आजोबांशी. नातवाच्या डोळ्याला कर्करोग, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण दृष्टी कायमची जाणार. आणि हे आजोबा त्याला शेवटचं जग दाखवायला कुणालाही न सांगता हॉस्पिटलातून घेऊन जातात. आपला गृहस्थ ऑफिसात सहीशिवाय कागद हलू देत नाही. पार्किंगमध्ये हेल्मेट हातात घेऊन तो आधी डॉक्टरांचा वकील होतो: अख्खं हॉस्पिटल शोधतंय, पोराला काही झालं असतं तर जबाबदार कोण, उद्या प्रत्येक आजोबा असाच निघाला तर? गाडी सुरू होईपर्यंत मात्र त्याची गाडी उलटी फिरते. परवानगी मागितली असती तर मिळाली असती का? आणि फॉर्मवर ‘कारण’ या रकान्यात आजोबांनी काय लिहायचं होतं? ज्या माणसाने आयुष्यभर रकाने तपासले, त्याला रात्री साडेनऊ वाजता एका रकान्याविषयी शंका येते. हे काम एकाही भाषणाने झालं नसतं. शिवाय त्यात मजा आहे, हे विसरू नका. तो घरी येतो तेव्हा चेहरा गंभीर असला तरी भूक सणसणीत लागलेली असते, आणि दोन पोळ्या जास्त जातात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. दिवसभर राबलेल्या माणसाला करमणूक हवी, हे असलं डोक्याला ताप देणारं काम दोन-चार हौशी लोकांचं. पण मराठी प्रेक्षकाचा इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देत नाही. ‘प्रभात’चा ‘कुंकू’ 1937 सालचा. फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. त्या काळी तिकीट काढणाऱ्या कित्येकांच्या नात्यागोत्यात असं एखादं लग्न झालेलं असणार. शेवटी काकासाहेब जीव देतात. ते प्रायश्चित्त की पळवाट, यावर आजही दोन तट पडतील. ‘सामना’ने 1975 साली मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न असा काही सोडून दिला की सिनेमा न पाहिलेली माणसंही तो राजकारणात विचारू लागली. ‘उंबरठा’ (1982) पाहून तर घराघरात दुफळी पडली. सुलभा महाजन लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, परत येते तर नवऱ्याने दुसरीकडे संबंध जोडलेला, आणि ती पुन्हा निघते. पुरुषमंडळी विचारत की पोरीचं काय. बायका फारसं बोलत नसत, पण सुलभाच्या नवऱ्याची, सुभाषरावांची, बाजू घेणाऱ्याला त्या रात्री ताट जरा आपटून मिळालं असेल, असा माझा कयास आहे.

आणि ही सगळी जुनी पुण्याई म्हणून सोडून द्यायची, तर मग ‘सैराट’चं काय करायचं? 2016 साली कमाईचे सगळे मराठी विक्रम मोडणाऱ्या त्या चित्रपटात लोक गाण्यावर पडद्यासमोर नाचले, आणि शेवटी गाव सोडून गेलेल्या जोडप्याच्या खुनाच्या, आवाजच काढून घेतलेल्या त्या प्रसंगानंतर तेच लोक मुकाट बाहेर पडले. ते गाण्यासाठी गेले होते, शेवट त्यांच्या माथी मारला गेला, असं म्हणायची सोय आहे. पण शेवट गावभर झाल्यावरही पब्लिक थांबलं नाही. उलट पानटपरीवर ‘एवढं पोर झाल्यावर तरी सोडायला हवं होतं’ आणि ‘त्यांनी गाव सोडलं तेव्हाच सगळं मिटलं होतं’ असे दोन पक्ष उभे राहिले. दोन्ही पक्षांना कळलं नाही की मारणाऱ्यांना नेमकी किती मुभा द्यायची, याचीच आपण घासाघीस करतोय. सिनेमाने त्यांना पकडलं होतं ते तिथे. कुणाला उशिरा कळलं असेल, कुणाला कळलंच नसेल. पण घासाघीस झाली.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एवढा विचार करून हा माणूस करतो काय? दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहाची लोकल पकडतोच ना? खरं आहे, पकडतो. ‘कोर्ट’ 2015 साली थिएटरात लागला तेव्हा कोर्टाच्या सुट्टीआधी दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो त्या क्षणाला संपला समजून बरेच जण उठण्याच्या बेतात होते. हा अर्थातच बसलेला. मग सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, आणि ते हाती लागलेल्या एकाला थोबाडीत देतात. संपलं. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगारासाठी शाहिराला आरोपी करणारी ती व्यवस्था आपल्या गृहस्थाने एका तिकिटात बदलावी, ही अपेक्षा तिकिटाच्या मानाने जरा जास्तच आहे. त्याला वेगळंच खुपत असतं. सरकारी वकीलबाई दिवसभर त्या शाहिराच्या मागे लागतात आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करतात. त्यांच्याशी कडाडून भांडायचं त्याच्या मनात असतं, पण त्या थेट त्याच्या वहिनीसारख्या दिसतात. खलनायक म्हणून ज्याच्यावर तोंडसुख घ्यावं असं कुणीच हाती लागत नाही, तेव्हा वाद नाइलाजाने स्वतःच्या टेबलावरच्या फायलींकडे वळतो. कृती म्हणाल तर ही फारच थोडी आहे. पण मनोरंजनाच्या धंद्याकडून याहून जास्त वसूल करणारा ग्राहक मला तरी माहीत नाही.

गळ्यात महोत्सवाचं ओळखपत्र अडकवून हिंडणारे, शेवट कळला नाही तरी ‘ओपन’ होता म्हणणारे लोक मी इथे धरलेले नाहीत. त्यांची जात वेगळी. ते एकमेकांशी सहमत होण्यासाठी सिनेमा बघतात.

आपल्या गृहस्थाची खरी अडचण अशी की वादाला समोर कुणीतरी लागतं. म्हणून तो दिसेल त्याला ‘बघाच’ म्हणत सुटतो. लोकांना वाटतं चांगल्या सिनेमाचा प्रसार चाललाय. प्रत्यक्षात तो प्रतिवादी गोळा करत असतो. पण असले सिनेमे दुपारी बाराच्या एखाद्या खेळाला लागतात, त्यातला एखादा खेळ प्रेक्षक नाहीत म्हणून रद्द होतो, आणि प्रतिवादी तयार होईपर्यंत शुक्रवार उजाडून पाटी बदललेली असते. हल्ली ओटीटीने ही गैरसोय दूर केली असं म्हणतात. गृहस्थ मेव्हण्याला चार वेळा फोन करतो, लिंक पाठवतो, पासवर्डही देतो. अखेर एका संध्याकाळी मेव्हणा तो सिनेमा पाहतो आणि आपणहून फोन करतो. हा पाणी पिऊन, खुर्ची ओढून, मुद्दे मनाशी जुळवून बसतो. ‘‘तुमचं अगदी बरोबर होतं, भाऊजी,’’ मेव्हणा म्हणतो, ‘‘सगळंच पटलं,’’ आणि गृहस्थाची सगळी संध्याकाळ फुकट जाते.