मंग सांगतलं कायले?

गोंदियाला चिकटलेल्या आमच्या फुलचुरात सकाळच्या चहाबरोबर स्वप्नंही वाटली जातात. साप दिसला, दात पडले, मेलेले आजोबा येऊन बिडी मागून गेले. परवा टपरीवर एक गृहस्थ असेच रंगात आले होते : पूर, पुरात म्हैस, म्हशीवर सरपंच!

"मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग काय, जाग आली जी."

चहावाला गिलास विसळता विसळता म्हणाला, "मंग सांगतलं कायले?"

दिवाळी अंकांतल्या बऱ्याच कथांना हेच विचारावंसं वाटतं. नायक दोन पानं तिरप्या टायपात अंधाऱ्या बोळातून पळतो, दारामागून दार उघडतो, आई भेटते पण तिला चेहरा नसतो आणि ऐन वेळी गजर होतो. दात घासून तो ऑफिसला जातो. स्वप्नाचं देणं कुणालाच फेडावं लागत नाही. ती पानं मी तरी सरळ उलटतो.

जुन्या लोकांना स्वप्नं महाग पडत. हरिश्चंद्राने राज्य दिलं झोपेत. वसुली झाली जागेपणी, बायको-मुलाला विकून स्मशानात चाकरी करेपर्यंत. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि आपले राहिलेले अभंग त्यांच्या गळ्यात घालून गेले. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला, पण नवऱ्याचा राग मात्र दिवसाढवळ्या सोसावा लागला.

नव्यांत काफ्का हुशार. 1915 साली छापलेल्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये ग्रेगोर साम्सा पहिल्याच वाक्यात स्वप्नांतून जागा होतो आणि बघतो तर स्वतःच किडा! तरी काळजी कसली, तर गाडी चुकल्याची. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'त (1975) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच दीर्घकथा. दोन्ही वाचताना झोपेत चालल्यासारखं होतं, पण लागलेली ठेच खरीच असते.

आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. पहाटेकडे डुलकी लागलेला माणूस दचकून शेजाऱ्याला विचारतो, नायिका स्टेजवर मेली का माझ्या झोपेत? तेवढं क्षम्य आहे. पण शेवटी नटानेच "हे सारं स्वप्न होतं" म्हणून सांगितलं, तर खुर्च्या स्टेजवर येतील.

तेव्हा यंदा दिवाळी अंकाला कथा पाठवणार असाल, तर नायकाला खुशाल झोपू द्या. फक्त त्याच्या स्वप्नाची उधारी सकाळी कुणाला तरी फेडायला लावा.