लघवीचं कुणी विचारलं का?

कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो. शेक घे, तेल चोळ, पायाळू माणूस शोधून पाठीला पाय लावून घे. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत उतरतेही. पण "लघवी नीट होते ना?" हे घरात कुणी विचारत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत पुष्कळदा डॉक्टरही विचारत नाहीत. माझा राग या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नसांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. डॉक्टर त्याला कॉडा इक्विना म्हणतात. पायांचं बळ, लघवी, शौच, लैंगिक संवेदना, सगळं त्याच्यावर चालतं. मणक्यांमधली गादी मोठ्या प्रमाणात सरकून या झुबक्यावर दाबली गेली, की पुढचा हिशेब तासांचा.

दोन्ही पायांत कळ येते, पाऊल उचलत नाही. सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो. संडासात धुताना पाण्याचा गारवाच कळत नाही. लघवीला बसावं तर धार सुटत नाही. पुढे मूत्राशय तुडुंब भरूनही लागल्याचं समजत नाही, नुसते थेंब गळतात आणि घरचे म्हणतात, "होतेय की!" बायका बाळंतपणावर ढकलतात, पुरुष प्रोस्टेटवर. लाजेपायी दोन दिवस जातात, आणि नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

कंबरदुखीसोबत यातलं एकही नव्याने दिसलं, तर त्याच रात्री एमआरआय आणि मणक्याचा सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. मालिश नको, मणके मोडून घेणं नको. एक्स-रेवर समाधान मानू नका, त्यात हाडं दिसतात, नसा नाहीत. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीत लगेच कळतं. 200 मिलिलिटरच्या वर असेल तर संशय बळावतो, पण कमी निघाली म्हणून रुग्णाला घरी धाडू नये.

उपाय शस्त्रक्रियेचा: दाब काढायचा. 48 तासांचा आकडा अनेकांच्या तोंडी असतो, पण ती थांबण्याची मुभा नव्हे. लघवीचा ताबा पुरता सुटण्याआधी दाब निघाला, तर तो टिकण्याची आशा कितीतरी जास्त. उशीर झाला तर ऐन तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या नशिबी कायमची नळी येऊ शकते.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2023 साली ठरवलं, की संशय आला तर एमआरआय चार तासांत व्हावा. आपल्याकडे शनिवारी रात्री आलेल्या रुग्णाला "सोमवारी या" सांगणारी केंद्रं आहेत. तिथून निघा आणि 108 ला फोन लावा.