गिऱ्हाइकालाच चोर ठरवणाऱ्या सोनी बीएमजीस

सोनी बीएमजी म्युझिक एन्टरटेनमेंट यांस,

पत्राच्या सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ लिहायची रीत आहे. तुम्हाला नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

सोनी आणि जर्मनीच्या बर्टेल्समान यांच्या भागीदारीतून २००४ साली तुमचा जन्म झाला. २००८ मध्ये सोनीने भागीदाराचा वाटा विकत घेतला आणि दारावरची पाटी बदलली. पाटी बदलली म्हणून हिशेब मिटत नाही. तुमच्या त्या चार वर्षांच्या आयुष्यातलं २००५ हे एकच साल मला पुरेसं आहे. त्या साली तुम्ही अमेरिकेत गाण्यांच्या सीडींमधून लोकांच्या संगणकात चोरून सॉफ्टवेअर घातलं, ते लपवलं, आणि पकडले गेल्यावर लोकांनाच विचारलं, की तुम्हाला त्याचं काय पडलंय? मला पडलंय. म्हणून हे पत्र.

टेक्सासमधल्या मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने लपलेले प्रोग्राम शोधून काढणारं एक साधन तयार केलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये ते स्वतःच्याच संगणकावर चालवून बघताना त्याला एक फोल्डर दिसलं, जे विंडोजला दिसत नव्हतं. हा माणूस संगणकाच्या आरोग्याची काळजी घेणारा, वाटेल ते उतरवून घेणारा नव्हे. त्याने माग काढला. लपलेल्या प्रत्येक फाइलच्या नावाची सुरुवात सारखीच होती: डॉलरचं चिन्ह, ‘सिस’ ही तीन इंग्रजी अक्षरं, पुन्हा डॉलरचं चिन्ह. मग त्याने एक सोपी परीक्षा घेतली. नोटपॅड या प्रोग्रामची एक प्रत काढली आणि तिच्या नावाआधी तीच अक्षरं लावली. प्रत डोळ्यांदेखत नाहीशी झाली. फाइल डिस्कवर होती, पण मालकाला ती दिसायची सोय उरलेली नव्हती.

माग जाऊन पोहोचला व्हॅन झँट या गायक भावांच्या सीडीपाशी. ती त्याने रीतसर पैसे देऊन विकत घेतली होती. संगणकावर ऐकायची तर सीडीतलाच प्लेअर वापरावा लागत होता, आणि त्या प्लेअरबरोबर गाण्यांच्या प्रतींना कुलूप घालणारा तुमचा पहारेकरी आत शिरला होता. त्याने स्वतःला ‘प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर’ असं नाव घेतलं होतं, म्हणजे कुणी पाहिलंच तर तो विंडोजचाच भाग वाटावा. दर दोन सेकंदांनी तो चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची झडती घेत होता, तुम्ही गाणं ऐकत असा वा नसा. तो काढून टाकायची सोय कंट्रोल पॅनेलमध्ये नव्हती. रुसिनोविचने तो हाताने उपटला तेव्हा सीडीचा ड्राइव्हच बंद पडला. त्याने तो दुरुस्त केला, कारण त्याला विंडोजची आतडी माहीत होती. तीच सीडी नातवंडांसाठी घेऊन आलेल्या आजोबांनी काय करायचं होतं?

३१ ऑक्टोबरला त्याने हे सगळं जाहीर केलं. हल्लेखोर संगणकात मुक्काम ठोकून दिसेनासे होण्यासाठी जी युक्ती वापरतात तिला रूटकिट म्हणतात, आणि तुम्ही केलं ते तेच होतं. सॉफ्टवेअर लिहिलं फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने, पण सीडीवर नाव तुमचं होतं आणि पैसे तुमच्या गल्ल्यात आले. पुरवठादाराकडे बोट दाखवून सुटायची वाट तुम्हाला नाही. त्यातून, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या व्हायरसविरोधी कंपनीने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तुमच्या कानावर घातलं होतं. तुम्ही महिनाभर सीडी विकत राहिलात.

मग तुमचे डिजिटल व्यवसायाचे प्रमुख थॉमस हेसी अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवर बोलले. बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, मग त्यांनी त्याची फिकीर कशाला करायची, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यातला निर्लज्जपणा मला अजून पचत नाही. माणसाला विषाचं नाव ठाऊक नाही म्हणून ते त्याच्या ताटात वाढायला हरकत नाही, असं हे बोलणं आहे. लोकांना माहीत नव्हतं, कारण त्यांना कळू नये याचीच तजवीज तुम्ही केली होती.

फिकीर करायची वेळ लगेच आली. तुम्ही लपवायची जी जागा करून ठेवलीत ती फक्त तुमच्यापुरती नव्हती. नावाआधी ती अक्षरं लावली की कुणाचीही फाइल तिथे लपत होती. आधी ऑनलाइन खेळात लबाडी करणाऱ्यांना हे उमगलं. १० नोव्हेंबरच्या सुमारास ट्रोजन नावाचे घातकी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही उमगलं आणि तुमच्या पांघरुणाखाली दडणारे प्रोग्राम ईमेलमधून फिरू लागले. डॅन कमिन्स्की या सुरक्षातज्ज्ञाने इंटरनेटवरच्या खुणा तपासल्या. तुमच्या सॉफ्टवेअरशी निगडित पत्ते विचारले गेल्याच्या खुणा त्याला ५,६८,२०० नेमसर्व्हरांवर सापडल्या, आणि त्यांत लष्करी आणि सरकारी जाळीही होती. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याचे स्ट्युअर्ट बेकर यांनी त्याच आठवड्यात संगीत कंपन्यांना जाहीरपणे बजावलं, की बौद्धिक संपदा तुमची असेल, संगणक तुमचा नाही. सरकारी माणसाने इतकं नेमकं बोलल्याचे प्रसंग थोडे.

आता तुमच्या ‘उपाया’विषयी. तुमचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं तर संकेतस्थळावर जा, अर्ज भरा, ईमेल पत्ता द्या, उत्तराची वाट पाहा, मग आणखी एक घटक उतरवून घ्या, पुन्हा अर्ज भरा. घरात न विचारता शिरणाऱ्याने बाहेर पडण्यासाठी घरमालकाकडून दोन-दोन अर्ज भरून घ्यावेत, ही रीत तुम्ही पाडलीत. आणि एवढं करून तो घटक संगणकावर मागे राहत होता. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एड फेल्टन आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिलं, की त्याच्यामुळे कुठलंही संकेतस्थळ त्या संगणकावर हवा तो प्रोग्राम चालवू शकत होतं. दुखण्यापेक्षा तुमचं औषध जास्त घातक निघालं.

तुमचा परवाना करार शब्दन्‌शब्द वाचावा असा आहे, आणि तो कुणी वाचणार नाही हे धरूनच लिहिलेला आहे. लपवाछपवीचा त्यात उल्लेख नाही. मूळ सीडी चोरीला गेली तर संगणकावरच्या प्रती पुसून टाकायच्या. दिवाळं निघालं तर पुसून टाकायच्या. देश सोडताना प्रती बरोबर न्यायच्या नाहीत. कचेरीतल्या संगणकावर ऐकायचं नाही. तुमच्यामुळे आमचं काही नुकसान झालं तर तुमची जबाबदारी जास्तीत जास्त पाच डॉलर. सीडीच्या किमतीहूनही कमी! मीडियामॅक्स नावाचं तुमचं दुसरं कुलूप तर याच्याही पुढचं. करार अमान्य असं बटण दाबलं तरी त्याच्या फाइली संगणकात उतरत. ‘नाही’ या उत्तरालाही तुम्ही होकार समजलात.

इथवरचं कुणीही सांगेल. मला सगळ्यात जास्त चीड पुढच्या गोष्टीची आहे.

लेम या नावाचा एक प्रोग्राम आहे. गाणं एमपीथ्रीमध्ये बदलण्याचं काम तो उत्तम करतो. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात, बिनपैशांनी तो घडवला आणि सगळ्यांना वापरू दिला. अट साधी: आमचा कोड तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलात तर तसं सांगा, आणि आमच्या भागाचा मूळ कोड लोकांना मिळेल अशी सोय ठेवा. एलजीपीएल म्हणतात त्या परवान्याला. पैसे मागितलेले नाहीत, टाळं लावलेलं नाही. तुमच्या सीडीवरच्या प्लेअरची चिरफाड झाली तेव्हा त्यात लेमचे तुकडे सापडले, अट मात्र कुठेही पाळलेली नव्हती. आणखी खोदल्यावर व्हीएलसी या मुक्त प्लेअरसाठी लिहिलेला कोडही निघाला. तो लिहिणाऱ्यांपैकी एक होता नॉर्वेचा यॉन लेक योहान्सन. डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. करमणूक उद्योगाच्या तक्रारीवरून त्याच्यावर नॉर्वेत फौजदारी खटला चालला आणि २००३ मध्ये तो दोन्ही न्यायालयांत निर्दोष सुटला. ज्याला तुमच्या जातीच्या कंपन्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याचाच कोड परवाना धाब्यावर बसवून तुमच्या कुलपात शिरला.

म्हणजे तुमचं गाणं ते स्वामित्व, आणि दुसऱ्याने रात्री जागून लिहिलेला कोड तो उकिरडा? कॉपीराइट कायदा एकच आहे. त्याच कायद्याच्या जोरावर तुम्ही कॉलेजातल्या पोरांवर दावे लावत होतात आणि त्याच कायद्याच्या जोरावर एलजीपीएल उभा आहे. गाणं करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. पण कॉपीराइट पवित्र असेल तर तो लेमच्या लेखकांचाही पवित्र आहे, आणि ते तुमच्याइतके श्रीमंत नाहीत म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

बरं, एवढं करून अडवलंत कुणाला? ज्याला गाणं फुकट उतरवून घ्यायचं होतं त्याने ते इंटरनेटवरून उतरवून घेतलं. त्याच्या फाइलीत रूटकिट नव्हतं, करार नव्हता, दर दोन सेकंदांची झडती नव्हती. सापडला तो दुकानात जाऊन पैसे मोजणारा. त्याने आपल्याच गाण्यांच्या मोजून तीन प्रती काढायच्या, आणि आयपॉडवर टाकायची सोय नाही. तुमचे कलाकारही यात भरडले गेले. स्विचफूट या बँडच्या वादकाने हे कुलूप कसं चुकवायचं ते आपल्या चाहत्यांना स्वतः समजावून सांगितलं, कारण चिडलेले चाहते जाब त्याला विचारत होते. कुलपाची मजबुती म्हणाल तर तुमच्या बीएमजी घराण्याने २००३ मध्येच मीडियामॅक्स वापरून पाहिलं होतं, आणि हाल्डरमनने तेव्हाच दाखवलं होतं, की सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की पुरे. कुलूप बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यावर खटल्याची धमकी दिली, आणि हसं झाल्यावर मागे घेतली. त्यातून धडा घ्यायचा सोडून दोन वर्षांनी तुम्ही रूटकिट आणलंत.

सोनीच्या दाराशी तर हे अधिकच लाजिरवाणं. हॉलिवुडच्या युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरवर बंदी मागितली होती, तेव्हा घरबसल्या कार्यक्रम टिपून ठेवायचा प्रेक्षकाला हक्क आहे म्हणून सोनीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. त्या निकालावर पुढे घरगुती व्हिडिओचा अख्खा धंदा उभा राहिला. १९८८ मध्ये सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली, स्वतः गाण्यांची मालकीण झाली, आणि प्रेक्षकाचा हक्क अडगळीत गेला.

शिक्षा काय झाली? रूटकिटवाले ५२ अल्बम होते, ४७ लाख सीडी बाजारात पाठवलेल्या आणि सुमारे २१ लाख विकल्या गेलेल्या. नोव्हेंबरच्या मध्यावर तुम्ही त्या परत बोलावल्यात. ग्राहकांनी लावलेल्या खटल्याच्या तडजोडीत प्रत्येकाला साडेसात डॉलर आणि एक अल्बम, किंवा नुसतेच तीन अल्बम. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाला साडेसात-साडेसात लाख डॉलर, आणखी जवळपास चाळीस राज्यांना मिळून साडेबेचाळीस लाख. तुरुंगात कुणी गेलं नाही. हेच काम एखाद्या विशीतल्या पोराने घरी बसून केलं असतं तर त्याला काय झालं असतं, हे तुम्हीही जाणता.

उलट भीती कुणाला बाळगावी लागली ते ऐका. फेल्टन आणि हाल्डरमन यांना तुमच्या सीडींतली गडबड रुसिनोविचने बोलण्याच्या जवळजवळ महिनाभर आधी कळली होती. ते बोलले नाहीत, वकिलांशी खलबतं करत बसले. कारण अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलपाशी खटपट करणंच गुन्ह्याच्या पातळीवर नेलं, आणि २००१ मध्ये संगीत उद्योगाने याच फेल्टनना एक शोधनिबंध वाचण्यावरून खटल्याचा इशारा दिला होता. लाखो संगणक उघडे पडलेले असताना जाणकारांची तोंडं बंद होती. २००६ मध्ये अशा सीडींच्या सुरक्षा चाचणीपुरती सवलत मिळाली, तीही सरकारदरबारी मागून.

आमच्याकडे भारतात मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ कलम आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण स्वामित्वहक्काचा भंग करायचा हेतू असला तरच. आणि संगणकाच्या मालकाच्या संमतीने सुरक्षा तपासण्याची मुभा त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. संगणकाचा मालक! हे दोन शब्द अमेरिकेतल्या तुमच्या वकिलांना पाठवावेसे वाटतात.

सीडीवरची कुलपं तुम्ही पुढे सोडून दिलीत. २००८ च्या जानेवारीत चार बड्या कंपन्यांपैकी सगळ्यात शेवटी, बिनकुलपाची एमपीथ्री विकायला तुम्ही तयार झालात. धंदा बुडाला नाही.

माझी मागणी तुमच्या वारसदारांकडे आहे. लेमच्या आणि व्हीएलसीच्या ज्या लेखकांचा कोड तुमच्या सीडींवर विकला गेला, त्यांची नावं घेऊन जाहीर माफी मागा. त्यांच्या परवान्यानुसार जो मूळ कोड द्यायला हवा होता तो प्रसिद्ध करा. आणि यापुढे आमच्या संगणकात काही घालायचं असेल तर आधी, पहिल्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत विचारा, आणि ‘नाही’ म्हटलं की थांबा.

गाणी विकत घेणारा
एक श्रोता