प्रश्नांचा वाहनतळ

जालना रस्त्यावरील एका हॉटेलच्या वातानुकूलित दालनात परवा आम्हां ४० जणांना 'वेळेचे नियोजन' शिकविण्यात आले. शिकविणारे गृहस्थ ५० मिनिटे उशिरा आले, याविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. कारण तेवढ्या अवधीत भिंतीवरील एका कोऱ्या कागदाचे सावकाश अवलोकन करण्याची संधी मला मिळाली. कागदाच्या शिरोभागी 'पार्किंग लॉट' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. गुलमंडीत स्कूटर टेकविण्यास हातभर जागा मिळण्याची मारामार, आणि येथे मात्र एवढा ऐसपैस वाहनतळ रिकामा, हे पाहून मला प्रथमदर्शनी हर्षच झाला.

मागाहून उलगडा झाला. बडबड्यास फळ्यावर लिहावयास उभे करावे, पेंगणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहावे, हे तर 'अवघड प्रशिक्षणार्थी हाताळणे' या विद्येतील प्राथमिक पाठ होत. परंतु कोणी खरोखरच प्रश्न विचारला, तर 'फार सुंदर प्रश्न!' असे उद्गारून तो पिवळ्या चिकट चिठ्ठीवर टिपावयाचा, चिठ्ठी त्या वाहनतळावर उभी करावयाची आणि 'शेवटी घेऊ' असे अभिवचन द्यावयाचे, ही त्या विद्येची परमावधी.

आमच्यातील अवघड इसम म्हणजे तिसऱ्या रांगेतील भांडारपाल काका. वाळूजच्या कारखान्यात ३१ वर्षे नटबोल्टांचा हिशेब ठेवूनही ज्यांच्या रजिस्टरात खाडाखोड सापडावयाची नाही, असा हा मनुष्य चक्क पेंगत होता. प्रशिक्षक खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, तशी काकांनी डोळे उघडून अत्यंत विनयाने पृच्छा केली, "साहेब, आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी येतं, तेबी रात्री दोनला. चारपर्यंत भरत बसावं लागतं. सहाला कंपनीची बस. तुमच्या त्या तातडीच्या अन् महत्त्वाच्या कामांच्या चार चौकोनांत हे कुठं बसवायचं?"

"फार सुंदर प्रश्न!" साहेब म्हणाले, पाठमोरे होऊन त्यांनी भरभर काही लिहिले, आणि चिठ्ठी चिकटली.

आमच्या या मुलखात निजामाच्या अमदानीत नकोसा अर्ज 'दाखल दफ्तर' होत असे. अर्जदाराच्या पदरी निराशाच येई, हे खरे. तथापि अर्जावर तारीख पडे, शिक्का उमटे, तो रीतसर बस्त्यात बांधला जाई, आणि १९४८ साली निजामी गेल्यानंतरही अर्जदाराच्या नातवास कचेरीत जाऊन त्या अर्जाची नक्कल मागता येई. या पिवळ्या चिठ्ठीस ना आवक क्रमांक, ना मुदत, ना सही! तिच्या पाठीशी काय ते बोटभर गोंदाचे बळ, आणि तेही यंत्राच्या गार झोतापुढे तग धरीना; जेवणाच्या सुट्टीपूर्वीच तीन प्रश्न गळून गालिच्यावर पडले आणि वाढप्याच्या पायाखाली गेले.

मला चीड येते ती त्या 'अवघड' या विशेषणाची. मलिक अंबराने सतराव्या शतकात डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून या शहरात खेळविले. त्या खोदकामावर एखाद्या गवंड्याने 'हुजूर, उतार उलटा पडतोय' असे निश्चितच कधीतरी म्हटले असेल. त्या वेळी अंबराने 'फार सुंदर प्रश्न' म्हणून त्यास फळ्यावर लिहावयास उभे केले असते, तर पाणी डोंगरातच राहिले असते आणि गवंड्याच्या हजेरीपटावर 'नकारात्मक वृत्ती' असा शेरा तेवढा पडला असता. ज्यास काम ठाऊक असते तोच अडतो, तोच विचारतो. बाकीचे आम्ही मुकाट्याने टाळ्या वाजवितो, अभिप्रायाच्या कागदावरील सर्वांत रुंद हसणाऱ्या चेहऱ्यावर खूण करितो, कारण त्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही, आणि आम्हांस कोणी अवघड म्हणत नाही. निर्लज्ज आहोत झाले!

अन्याय नको म्हणून नमूद करितो की काकांच्या प्रश्नाचा निकाल त्याच दिवशी लागला. दुपारी बरोबर दोनच्या ठोक्यास वाढप्याने येऊन पाण्याची एक सीलबंद बाटली काकांच्या पुढ्यात ठेविली. मी वाहनतळापाशी जाऊन चिठ्ठी वाचली. तीवर लिहिले होते : 'तिसरी रांग, पाणी, २ वाजता.' साहेबांनी प्रसन्न मुद्रेने ती काढून चुरगाळली.

काकांनी बाटली उघडली नाही; पिशवीत घातली. त्यांच्याकडे पुढचे पाणी आठ दिवसांनी होते.