खोकल्याचा पत्ता

६ जानेवारी २०२५ला बंगळुरूत दोन तान्ह्या बाळांना एचएमपीव्ही झाल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी मुंबईत सेन्सेक्स १,२५८ अंकांनी आपटला. पडायला इतरही कारणं होती, पण बाजारपंडितांनी बोट दाखवलं ते बाळांच्या खोकल्याकडे. एका बाळाला तोवर घरी सोडलंही होतं, दुसरं बरं होत होतं. विषाणू नवा म्हणावा तर तसंही नाही. डच शास्त्रज्ञांनी तो २००१ साली शोधला, आणि जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले तेव्हा १९५८ सालीही तो माणसांत वावरत होता असं दिसलं. म्हणजे ‘पावसात भिजलास ना, भोग आता’ म्हणत आजीनं हळद-दूध पाजून जी सर्दी काढली, तिच्यात हे महाशय असणारच. पण तेव्हा त्यांना चार अक्षरी इंग्रजी नाव नव्हतं आणि आजीकडे मोबाइल नव्हता.

दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या दोन मुलांचे नमुने संशयित ठरले. मुलं तोवर बरी होऊन घरात बागडत होती. तरी महाराष्ट्र हादरला.

अशा वेळी गृहनिर्माण सोसायट्यांना जो उत्साह येतो तो सर्वसाधारण सभेला येत नाही. सभेला कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागतं. साथीच्या नोटिशीला मात्र अर्ध्या तासात चाळीस अंगठे. घरकामाच्या बायकांनी मास्क लावावा. डिलिव्हरीवाल्यांनी गेटवरूनच परत जावं. ड्रायव्हर मंडळींनी लिफ्ट वापरू नये. फ्लॅटमालकांच्या फुप्फुसांबद्दल नोटीस मौन पाळते, कारण विषाणू सातबारा आणि शेअर सर्टिफिकेट बघूनच आत शिरतो अशी आमची ठाम समजूत आहे. थायलंडहून परतलेले, विमानापासून शिंकत आलेले सभासद लिफ्टनं वर गेले. त्यांची ती ॲलर्जी होती.

पुणेकरांना हे नवं नाही. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, मास्क काळ्या बाजारात. रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून ती हुंगत अख्खं शहर फिरत होतं. तोच एच१एन१ आज दरवर्षी येणाऱ्या साध्या फ्लूत सामील झालेला आहे. त्याच्यावर लस मिळते. कापराची पुडी घेण्यासाठी तेव्हा उन्हात उभे राहिलेल्यांपैकी किती जण ही लस घेतात, हे आपापल्या घरी विचारून पाहावं.

आता दुसरा पत्ता. गोवंडी, रफी नगर. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस तिथे एकाच कुटुंबातली तीन मुलं दोन दिवसांत गेली. गोवर. पुढचे काही आठवडे चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात मुलांची रीघ लागली. मालेगाव, भिवंडीतही साथ पसरली. गोवर हा खोकल्या-शिंकेतून पसरणाऱ्या रोगांतला पट्टीचा पहिलवान आहे. लस न घेतलेल्या वस्तीत एक रोगी १२ ते १८ जणांना तो देतो, आणि रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. त्याला रोखायचं तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. करोनाच्या काळात ते राहून गेले. या सगळ्यात सेन्सेक्स हलला नाही आणि आमच्या लिफ्टमध्ये नोटीसही लागली नाही.

गोवंडी लिफ्टपासून लांब आहे ना.

तेव्हा ऐकू आलं ते एवढंच: ‘ते लोक लसच घेत नाहीत.’ हे वाक्य बोलायला अतिशय सोपं आहे, कारण त्याला खर्च येत नाही. नऊ महिन्यांचं मूल घेऊन लसीकरणाला जायचं म्हणजे आईचा दिवस बुडतो. लशीनंतर पोराला ताप आला तर पुढचाही बुडतो. रोजंदारीवरच्या घरात दोन दिवस म्हणजे दोन दिवसांचं राशन. वर लशीबद्दलच्या अफवा आहेतच, आणि अफवांवर हसण्याचा हक्क कापूर हुंगलेल्यांना तरी नाही. महापालिकेनं नंतर घरोघरी माणसं पाठवली, धर्मगुरूंना बोलतं केलं, जादा डोस दिले आणि साथ ओसरली. म्हणजे ‘ते लोक’ लस घेतात. लस त्यांच्या दारापर्यंत जावी लागते, जशी आमच्या दारात दहा मिनिटांत कोथिंबीर येते.

तिसरा पत्ताही तिथून जवळच आहे. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड. ज्यांच्या झोपड्या रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हटवल्या, त्यांना इथल्या पुनर्वसन इमारतींत घरं दिली. पक्की घरं! फक्त दोन इमारतींत तीन मीटरचं अंतर. खिडकी उघडली की शेजारच्याची भिंत. ऊन नाही, वारा नाही, कचऱ्याचा वास मात्र भरपूर. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या मंडळींचा एक अभ्यास आला. या वसाहतींत सुमारे दहातल्या एका घरात क्षयाचा रोगी सापडला; त्याच भागातल्या, पण मोकळ्या बांधणीच्या दुसऱ्या वसाहतीत शंभरातल्या एका घरात. यासाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही, टेप पुरते. आपली गाडी ज्या रुंद रस्त्यावरून सुसाट जाते त्याची भरपाई कोण खोकून करतंय, हे त्या टेपनं मोजता येतं.

क्षय हवेतूनच पसरतो. या देशात दरवर्षी त्याचे सत्तावीस-अठ्ठावीस लाख नवे रोगी होतात आणि सुमारे तीन लाख माणसं दगावतात. जगानं तो संपवायला २०३० साल धरलं, आपण जोरात २०२५ म्हणालो. २०२५ संपलं. पंचवीसच्या जानेवारीत बंगळुरूच्या बाळांसाठी वाहिन्या लाल-पिवळ्या पट्ट्या फिरवत होत्या, त्याच आठवड्यात देशभर क्षयरोगाची शंभर दिवसांची शोधमोहीम चालू होती. ती तुम्ही कोणत्या वाहिनीवर पाहिली? रोग्याला आहारासाठी मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. हजार रुपयांत महिनाभराची अंडी, डाळ आणि दूध कसं बसवायचं, हे मंत्रालयातल्या कँटीनवाल्यालाही सांगता येणार नाही.

शाळांबद्दल एक शब्द. पोराला शंभर ताप असतो, आई त्याला सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजून युनिट टेस्टला पाठवते, औषधाचा असर मधल्या सुट्टीपर्यंत टिकतो आणि त्यानंतर वर्गातली निम्मी मुलं आठवडाभर अंथरुणात. वर्षअखेरीस त्याच पोराला शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक! टाळ्या. हे बक्षीस ज्यानं काढलं त्याला कुठल्याशा विषाणूनं मानपत्र द्यायला हवं.

सगळ्या साथींत आपला सल्ला एकच असतो: आजारी माणसानं घरी थांबावं. छान. पण थांबायचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न आला की ग्रुपवर एकदम ‘गुड नाइट’ सुरू होतं. धुणं-भांडी करणाऱ्या मावशी खोकत आल्या तर आपण दारातून परत पाठवतो आणि महिनाअखेरीस तो दिवस कापतो. वॉचमन मीटर बॉक्सशेजारच्या कोंदट केबिनमध्ये महिनाभर खोकतो. एजन्सीचा नियम असा, की खाडा झाला तर पैसे नाहीत. मग तो खोकत का होईना येतो, आणि आपण त्यानंच उघडलेल्या दारातून आत शिरताना नाकावर रुमाल धरतो. आपली काळजी खरी आहे, ती फक्त फुकटातली आहे.

तर पुढच्या साथीची नोटीस आजच टाइप करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. मजकूर दोन ओळींचा. पहिली: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. दुसरी: खोकला-तापामुळे घरी थांबणाऱ्या वॉचमनचा, सफाई कामगाराचा आणि घरकामाच्या बाईंचा पगार कापला जाणार नाही. सही सेक्रेटरींची घ्या आणि खर्च मेंटेनन्समध्ये दाखवा. लॉबीतला इटालियन मार्बल गेल्या वर्षी तिथेच दाखवला होता.