फायरवायरवाले काका

माळा आवरताना कुणाला बिस्किटाच्या डब्यात मिनी-डीव्ही कॅसेटी सापडल्या, की त्याला बी विंगकडे धाडायचं, ही आमच्या सोसायटीची रीत. तिथे निवृत्त काकांचा विंडोज एक्सपीवर चालणारा डेस्कटॉप सोवळ्यात बसलेला असतो. त्याला इंटरनेट शिवत नाही आणि परका पेनड्राइव्ह तर नाहीच नाही. कारण एकच, त्याच्या पोटात कॅमेऱ्यातून कॅसेटवरचं चित्रण उतरवून घेणारं फायरवायरचं कार्ड आहे.

"काका, कॅमेऱ्याला यूएसबी आहे की!" असं एखादा पोरगा म्हणतोच. काका त्याच्याकडे नुसते बघतात. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत ती सोय फोटोंपुरती, हे याला कोण समजावणार? मग खणातून केबल निघते. कॅमेऱ्याच्या टोकाला ४ पिना, कॉम्प्युटरच्या टोकाला ६. ते सहाचं टोक उलटं दामटून कुणीतरी पोर्ट जाळल्याची हकिगत प्रत्येकाला ऐकावीच लागते.

बॅटरीवर भरवसा नाही, अ‍ॅडॅप्टर हवा. कॅमेरा प्लेबॅकवर. कॅसेट आधी शेवटपर्यंत पळवून पुन्हा गुंडाळायची. डिस्क एनटीएफएसच पाहिजे. फॅट-३२ असेल तर ४ जीबीला, म्हणजे विसाव्या मिनिटाच्या आतबाहेर, फाइल तुटते. "मंगलाष्टकं संपायच्या आत लग्न मोडतं," काका गंभीरपणे सांगतात.

२०२५मध्ये अ‍ॅपलने मॅकच्या नव्या प्रणालीतून फायरवायर काढून टाकलं, तेव्हा काका म्हणाले, "बघा!" काय बघायचं ते कुणाला कळलं नाही, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

खरी मेख पुढेच आहे. तासाभराची कॅसेट कॅप्चर व्हायला तासच लागतो. १३ जीबी उतरेपर्यंत काका खुर्ची सोडत नाहीत. फ्रेम ड्रॉप होतील म्हणून घरात मिक्सर बंद. त्याचा याच्याशी संबंध काय, हे विचारायचं काकूंनी सोडून दिलंय. "लग्न लोकांचं, आणि चटणी माझी अडलेली," एवढंच त्या म्हणतात.

परिणामी सोसायटीतली सगळी लग्नं अथपासून इतिपर्यंत पाहिलेला हा एकमेव माणूस. ज्यांची लग्नं, ते फाइल घेऊन जातात आणि उघडतही नाहीत. काका मात्र लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना गाठतात.

"तुमचे धाकटे मामा पंगतीतून का उठले हो? दुसरी कॅसेट, चाळिसावं मिनिट. ताट सारून सरळ उठलेत."

"मामा रुसले होते?" लग्न २००३चं, आणि वहिनींना ही बातमी आज कळत होती. रात्री साताऱ्याला आईला फोन झाला. बराच वेळ चालला. सकाळी वहिनींनी काकांच्या दारात उभ्या-उभ्याच सांगितलं, जिलबी त्यांच्या रांगेपर्यंत पोचलीच नव्हती.

काकांनी मान डोलावली, चष्मा लावला आणि वहीत कॅसेट क्रमांक २ पुढे 'मामा' लिहून ठेवलेलं प्रश्नचिन्ह खोडलं.